दहापैकी सहा

“सहा,” ते म्हणाले.

मला वाटलं, लाइन खराब आहे. मी पेन कानामागे खोचलं आणि प्रश्न पुन्हा वाचला. “साहेब, गाडी तुमच्या ताब्यात दिली, त्या दिवशीच्या एकूण अनुभवाला दहापैकी किती गुण द्याल?”

“ऐकू आलं मला. सहाच.”

आधीच्या चारही प्रश्नांना त्यांनी धडाधड दहा दिले होते. गाडीला दहा, बोलण्याचालण्याला दहा, कागदपत्रांना दहा. शोरूमच्या स्वच्छतेलाही दहा, वर “तुमची फरशी आमच्या ताटापेक्षा स्वच्छ असते” अशी पुस्ती. पाचव्या प्रश्नाला मात्र घोडं अडलं.

“आमचं काही चुकलं का?”

पलीकडून थोडा वेळ नुसता शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, “चुकलं असं नाही म्हणता यायचं. मनातली गोष्ट आहे. फोनवर कुठे सांगत बसू,” आणि त्यांनी फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, सहा काय वाईट आहे? तेच तर सांगतेय. आमच्या धंद्यात सहा हा आकडाच नाही. उंची गाड्यांच्या या शोरूममध्ये मी एकोणीस वर्षं एकच काम करतेय. गाडी घरी गेली की तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन लावायचा, गोड बोलायचं आणि त्याच्या पोटात काय आहे ते ओठांवर आणायचं. कारण सातव्या दिवशी गाडी बनवणाऱ्या कंपनीचा फॉर्म थेट त्याच्या फोनवर जातो. तिथे त्याने एकदा गुण दिले की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाहीत. कंपनीच्या लेखी दहा म्हणजे पास, नऊ म्हणजे ढकलपास, आणि आठपासून खाली सगळे एका माळेचे मणी, नापास. म्हणून मधले चार दिवस माझे. कुणाला फुलं पाठव, कुणाला छत्री, कुणाची नुसती माफी माग. माफी मला फार चांगली मागता येते. सेल्समधली मंडळी पाठीमागे मला दहाबाई म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

हा सहा मात्र मास्तरांच्या नावावर पडणार होता.

मास्तर म्हणजे गाडी ताब्यात देणारा आमचा माणूस. पूर्वी गाडी शिकवण्याच्या क्लासमध्ये होते, म्हणून मास्तर. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीत बसवायचं आणि एकेक बटण समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. दीड तास घ्यायचे. स्वतः बटणाला हात लावायचे नाहीत, गिऱ्हाइकाकडून दाबून घ्यायचे. “मी दाबलं तर मला येईल. तुम्हाला कसं येणार?” असं म्हणायचे. लोकांना घाई असते. एवढी महाग गाडी घेणाऱ्याला तर जन्मतःच घाई असते. मागच्या दोन महिन्यांत दोघांनी ‘वेळ फार घेतला’ म्हणून मास्तरांना सात आणि आठ दिले, आणि धाकल्या मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “अजून एक नापास, की तिथे मोठा स्क्रीन बसवणार. बारा मिनिटांचा व्हिडिओ. मास्तरांना सन्मानाने निरोप देऊ.”

थोरले मालक असते तर असं बोलले नसते. पण ते आता भिंतीवर आहेत, फ्रेममध्ये.

मास्तरांना घरी कोण होतं म्हणून घरी पाठवायचं? बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लांब, तिच्या संसारात. एकदा ते मला म्हणाले होते, “सुटीच्या दिवशी दुपार होते, आणि लक्षात येतं, आपण सकाळपासून तोंडच उघडलेलं नाही.” सहज म्हणाले. मी त्या दिवशी डबा अर्धा टाकून दिला.

तर हा सहा कुणाचा, ते सांगायला हवं. आम्ही त्यांना सीटवाले काका म्हणायचो. जुन्या गाड्या विकायला आल्या की त्यांच्या फाटक्या सीटा शिवून द्यायचं काम त्यांच्याकडे. तीस वर्षं आमच्याकडे येणंजाणं, तेही नेहमी मागच्या गेटने. पाच महिन्यांपूर्वी ते धुतलेला शर्ट घालून, काकूंना बरोबर घेऊन पुढच्या दाराशी आले, तर वॉचमन म्हणाला, “काका, मागून या की.” आणि हे गेले मागून! वर्कशॉपमधून, गाड्या धुतात तिथल्या ओल्या फरशीवरून चपला सावरत दोघंही शोरूमच्या मधोमध निघाले. सेल्सवाल्याने विचारलं, “काका, कुठली सीट उसवली?” तर म्हणतात कसे, “आज उसवलेली नको. नवी दाखवा.”

मग त्यांनी गाडीचं इंजिन पाहिलं नाही, वेग विचारला नाही. गुडघ्यावर बसून सीटच्या शिवणीवर अंगठा फिरवला, टाका कुठून सुरू झाला आणि कुठे संपवला ते काकूंना दाखवलं, आणि म्हणाले, “ही घेऊ.” पुढे आठवडाभर सगळं शोरूम या गोष्टीवर हसत होतं. मीही हसले. आता आठवलं की जिवाला लागतं.

त्यामुळे सहा कशाचे, याबद्दल मला शंकाच नव्हती. मागच्या गेटचे. माणूस वर्षानुवर्षं गिळतो आणि एक दिवस हिशेब चुकता करतो, असं माझं तर्कट. मी मास्तरांना सांगायला गेले. ते गाडीचा आरसा पुसत होते.

“सीटवाल्यांनी सहा दिलेत फोनवर. पण तुम्ही काळजी करू नका. मी जाऊन येते त्यांच्याकडे.”

मास्तरांचा हात थांबला. “कशाला जातेस? माणूस भला आहे. मागू नकोस त्याच्याकडे.”

“मागू नको तर काय करू? इथे बसून गळा काढू?”

“मी काही म्हणालो का,” असं म्हणून ते पुन्हा पुसायला लागले. त्यांना काहीतरी ठाऊक होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी दहाबाई. मला कुठलं कळतंय.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या, कोपऱ्यात फोमचे तुकडे, मध्ये एक जुनं, जाडजूड मशीन. बाहेर छपराखाली ती गाडी, जुन्या चादरी जोडून शिवलेल्या खोळीत. काकू पायरीवर बसून एका कव्हरची शिवण उसवत होत्या. काकांनी मला बघितलं आणि उठून एक सीट पुढे ढकलली. खुर्ची नव्हतीच दुकानात, कुठल्याशा गाडीची सुटी सीट होती. मी बसले, तर खाली गेले ते गेलेच.

मी तयारीनिशी गेले होते. वॉचमनच्या वतीने माफी, सेल्सवाल्याच्या वतीने माफी, शोरूमच्या वतीने माफी, आणि पिशवीत कंपनीचा चामडी फोल्डर. सगळं एका दमात बोलून टाकलं.

काका हसायलाच लागले. “अहो ताई, तो वॉचमन मला तीस वर्षं मागेच बघतोय. मी पुढून आलो तर त्याचं डोकं चालेना. माझंही चालेना. मलाही मागूनच बरं वाटलं.”

“मी मात्र चपला भिजल्या म्हणून दोन दिवस बोलत होते,” काकू म्हणाल्या.

“ही बोलतच असते,” काका म्हणाले.

“मग सहा कशाचे हो?” मी विचारलं. पिशवी मांडीवर तशीच.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “सांगा की आता. एवढ्या लांब आल्यात त्या.”

“हसाल तुम्ही,” काका म्हणाले. “नवी गाडी येते ना, तिच्या सीटवर प्लॅस्टिक असतं. कारखान्यातलं. सदतीस वर्षं लोक नव्या गाड्या घेऊन माझ्याकडे येतात कव्हर घालायला, आणि ते प्लॅस्टिक मी काढतो. नखाने कोपरा उचलायचा आणि एका दमात ओढायचं. आत कोरी सीट. तिच्यावर जगातलं कुणी बसलेलं नसतं. मालक बाजूला उभा असतो, त्याचं तोंड बघावं तेव्हा. मोठमोठी माणसं, पण लहान होतात. तर मी ठरवलं होतं, आयुष्यात एकदा आपल्या गाडीचं काढायचं.”

“पंधरा दिवस यांनी अंगठ्याचं नख कापलं नाही,” काकू म्हणाल्या. “कामात अडकायचं, दोनदा मोडता मोडता राहिलं. मी म्हणाले, माझ्याकडे विळी आहे. तर म्हणे, विळीने नाही काढायचं. डाव्या बाजूची तू काढ, उजवी मी काढतो.”

“आणि दार उघडलं तर सगळं सोललेलं,” काका म्हणाले. “चकचकीत केलेलं, वर अत्तर मारलेलं. गाडी झकास होती हो, तक्रार नाही. पण मला दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचं एक मागणं, आणि तेही असं. बाहेर सांगायचीसुद्धा लाज वाटते.”

मी घाईने विचारलं, “मास्तरांनी काढलं, असं वाटलं तुम्हाला?”

“छे. मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, शोरूमचा नियम आहे. कुणी केला, ते काही बोलले नाहीत.”

नियम मी केला होता. सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला डिकीत प्लॅस्टिकचा बोळा सापडला, त्याने आठ दिले, आणि मी त्याच दुपारी कागद छापून धुण्याच्या जागी भिंतीवर चिकटवला. ‘गाडी ताब्यात देण्यापूर्वी सर्व प्लॅस्टिक काढून टाकणे. अपवाद नाही.’ अपवाद नाहीच्या खाली दोन रेघा. कंपनीने त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. गाड्या मी स्वतः तपासायचे, कुठे तुकडा दिसला तर धुणाऱ्यांना फैलावर घ्यायचे. सात वर्षांत किती लोकांच्या सीटा मी अशा आधीच सोलून ठेवल्या असतील, देव जाणे.

“काका, तो नियम माझा आहे,” मी म्हणाले.

“असं होय,” ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. काकू उठून चहा टाकायला गेल्या.

मग मी सगळं सांगितलं. स्क्रीनचं, बारा मिनिटांच्या व्हिडिओचं, मास्तरांच्या रिकाम्या घराचं. “परवा तुमच्या फोनवर कंपनीचा फॉर्म येईल. त्यात दहा द्या. माझी तुम्ही हवी तेवढी खरडपट्टी काढा, मी ऐकून घेईन. पण मास्तरांना दहा द्या. इतकी वर्षं लोकांकडे दहा मागितले, पण असे कुणाकडे मागितले नव्हते.”

काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. “फॉर्म तर कालच आला.”

“काल? काल कसा येईल? सातव्या दिवशी येतो.”

“काल आला. मी लगेच भरून टाकला. आपण काम उद्यावर टाकत नाही.”

कंपनीने काय बदललं होतं, कुणाला सांगितलं होतं, कोण जाणे. आम्हाला तर कुणी काही कळवलं नव्हतं. मी विचारलं, “किती दिलेत?”

“सहा.” मग माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, “अहो, सहा म्हणजे साठ टक्के. साठ म्हणजे फर्स्ट क्लास. मला शाळेत कधी चाळीसच्या वर मिळाले नाहीत. मी म्हटलं, प्लॅस्टिकचे चार कापायचे, ते रास्तच आहे. पण मास्तरांचा फर्स्ट क्लास जाता कामा नये. म्हणून मोजूनमापून सहा दिले.”

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे सहा म्हणजे काय ते. त्यांना आधी पटेना. त्यांनी मला दोनदा विचारलं, “सहाला नापास? दहापैकी सहाला?” मग त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि बदलण्याचं बटण शोधायला लागले. काकू कप हातात धरून त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. “खाली बघा, खाली असेल.” खाली काही नव्हतं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच होतं. काका बराच वेळ त्या आभारांवर अंगठा घासत राहिले.

निघताना ते म्हणाले, “शेवटी जागा होती तिथे मी थोडं लिहिलंय. कुणी वाचतं का ते?”

मी वाचीन म्हणाले. फोल्डर पिशवीतच राहिला, तो काढायची मला लाज वाटली.

शोरूमला पोचले तेव्हा धाकल्या मालकांच्या टेबलावर कागद येऊन पडला होता. सहाभोवती लाल गोल. मी म्हणाले, “साहेब, यात मास्तरांचा दोष नाही. नियम माझा होता. माझ्या नावावर घ्या.”

“मॅडम, तुमच्या नावाचा रकाना कुठे आहे यात?” ते म्हणाले. चिडून नाही, अगदी समजावून. “इथे फक्त ताब्यात देणाऱ्याचं नाव येतं.”

“खाली गिऱ्हाइकाने काय लिहिलंय ते तरी वाचा.”

“निबंध कोण वाचतं? वर आकडाच जातो. आणि खरं सांगू, स्क्रीनची ऑर्डर मागच्याच आठवड्यात दिली. तुम्ही एक छानसा कार्यक्रम ठरवा एकतीस तारखेचा.”

म्हणजे दहा दिले असते तरी काय दिवे लागणार होते, कुणास ठाऊक. तो सहाचा कागद घडी करून उचलला, बाहेर आले ती थेट धुण्याच्या जागी गेले, आणि भिंतीवरचा माझा नियम ओरबाडून काढला. ओल्याने चिकटून बसला होता, तुकड्यातुकड्यानेच निघाला. धुणारी माणसं बघत राहिली. बघू देत.

मास्तर ताबा देण्याच्या खोलीत बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. अशा बातम्या शोरूममध्ये माझ्या आधी पोचतात. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

“नियम माझा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग सीटवाल्यांना का नाही सांगितलंत?”

“तू नव्हतीस त्या वेळी तिथे. पाठीमागे कशाला नाव घ्यायचं.”

“आणि मला का नाही सांगितलंत? इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचं, की अगं बाई, हे चुकतंय.”

“तू एवढ्या हौसेने रेघा मारल्या होत्यास,” मास्तर म्हणाले, आणि हसले.

मला रडू आलं. मी ते नाकावाटे घालवलं आणि सहाचा कागद उघडला. “त्यांनी लिहिलंय तुमच्याबद्दल. चष्मा देऊ?”

“नको. तूच वाच.”

मी वाचायला लागले. “‘गाडी चांगली आहे. सीटवरचं प्लॅस्टिक आम्हा दोघांना आमच्या हाताने काढायचं होतं, ते राहिलं. म्हणून चार कापले. उरलेले सगळे मास्तरांचे. मी दाराच्या कडेला, सीटच्या खाली काही शोधत होतो. त्यांनी ते ओळखलं, पण काय शोधताय असं विचारलं नाही. मला मागे डिकीपाशी नेलं. तिथे आतल्या कडेला बोटभर पट्टी राहिली होती, ती दाखवली आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले.’”

मी थांबले. “पट्टी राहिली कशी? ती गाडी मी स्वतः तपासली होती.”

“राहिली नव्हती. मी ठेवतो,” मास्तर म्हणाले. “दर गाडीत एक ठेवतो. तुझा हात पोचत नाही तिथे. कुणाला लागेल सांगता येत नाही ना. बहुतेकांना लागत नाही, मग गाडी निघायच्या आधी काढून खिशात टाकतो.”

“सात वर्षं?”

“पुढे वाच,” ते म्हणाले.

“‘आम्ही दोघांनी मिळून ती काढली. मग त्यांनी दीड तास आम्हाला गाडी शिकवली. एक प्रश्न मी तीनदा विचारला, तिन्ही वेळा पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगितलं. माझी बायको गाडी चालवत नाही, तरी तिलाही सगळी बटणं दाबायला लावली. ती घरी येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होती. आजवर आम्हाला असं बसवून कुणी शिकवलेलं नाही. हा मास्तर आमच्या शाळेत असता तर मी पास झालो असतो.’”

बाहेर कुणीतरी नव्या गाडीचा हॉर्न वाजवून बघत होतं. मी कागद घडी करायला लागले.

“परत वाच,” ते म्हणाले.

मी पहिल्यापासून वाचलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले होते, आणि त्यांचे ओठ माझ्या आधी हलत होते.